भुंग्याचा षड्ज

संभाजीनगरला कशाला चाललात, असं कुडाळात ज्यानं त्यानं विचारलं. मी 'बहिणीकडे' म्हणालो. निम्म्या लोकांनी वेरूळ चुकवू नका असं बजावलं, उरलेल्यांनी स्वेटर घ्या म्हणून सांगितलं. दोन्ही सल्ले खरे ठरले. मी मात्र निघालो होतो एका अडलेल्या चालीपायी, आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

मी नाटकांना संगीत देतो. आयुष्य त्यातच गेलं. गेल्या पावसाळ्यात एका तरुण दिग्दर्शिकेनं तिच्या नव्या नाटकासाठी माझ्याकडे एकच गाणं मागितलं. शेवटच्या प्रवेशात मुलगी कायमची परदेशी निघते आणि आई तिला दारात अडवते. अडवते म्हणजे हात धरत नाही, नुसतं गाते:

थांब जराशी दारामध्ये
सांज अजूनी उतरत आहे.

शब्द इतके सरळ, की चाल लावायला एक दुपार पुरावी. माझे महिने गेले. पेटी उघडायचो, भाता हलवायचो आणि पेटी मिटायचो.

कारण मला ठाऊक होतं. मला कधीच माझ्या आवाजात चाल सुचलेली नाही. ती ताईच्या आवाजात सुचते. लहानपणी वडिलांच्या भजनी मंडळात मी पेटीवर बसायचो आणि ताई माजघराच्या दारामागून ऐकून सगळे अभंग पाठ करायची. वडील शेतावर गेले की दुपारी आम्ही दोघं आमचं भजन मांडायचो. पुढे ती संगीत शिकायला मराठवाड्यात गेली, तिथेच शाळेत गाणं शिकवायला लागली आणि तिथलीच होऊन गेली. तरी आमचं भजन थांबलं नाही. नवी चाल झाली की मी फोनवर पेटी वाजवायचो आणि पलीकडून ती गाऊन दाखवायची. जिथे तिचा गळा अडखळला तिथे मी चाल बदलायचो. लोक ज्याला माझी शैली म्हणतात, तो ताईच्या गळ्याचा उतार आहे.

मग तिला घशाचा कर्करोग झाला. मुंबईत शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी तिच्या उशाशी होतो. स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. त्यानंतर आम्ही एकमेकांना मोबाइलवर लिहीत राहिलो, 'जेवलास का', 'औषध घेतलंस का' एवढंच. मी नाटकांना पार्श्वसंगीत देत राहिलो. गाणं एकही केलं नाही. आणि आता हे दारातलं गाणं आलं होतं.

गारखेडा

स्टेशनवर भाऊजी न्यायला आले होते. उत्तमराव भाऊजी, ताईचे यजमान. कन्नड तालुक्यातल्या शेतकरी घरातले, चिकलठाण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, गड्याच्या अंगाचे आणि मऊ मनाचे.

"लई वाळलात पाव्हणं," माझी बॅग ओढून घेत ते म्हणाले. "तिकडं मासे मिळंना झाले का काय?"

हवा कोरडी ठणठणीत होती. कोकणातल्या माणसाला इथे पहिल्यांदा काय जाणवत असेल तर स्वतःचे ओठ. गारखेड्याला पोचेपर्यंत ते तडकले होते. गल्लीत कुणी गच्चीवर गहू वाळत घातले होते, कुणी उन्हात पाठ देऊन पेपर वाचत होतं. आमच्याकडे उन्हापासून पळतात, इथे हिवाळ्यात ऊन अंगावर घेऊन बसतात.

ताई दारातच उभी होती. थोडी बारीक झालेली, केस आखूड, गळ्याशी पातळ पांढरा रुमाल. त्या रुमालाआड आता तिची श्वासाची वाट आहे, मानेच्या तळाशी, एका लहानशा छिद्रातून. नाकातोंडाचा त्याच्याशी संबंध उरलेला नाही. हे मला माहीत होतं. तिच्या हातात छोट्या बॅटरीसारखं एक यंत्र होतं, ते माहीत होतं पण ऐकलेलं नव्हतं. तिनं ते जबड्याखाली टेकवलं, बटण दाबलं आणि ओठ हलवले.

"इलंस रे बाबल?"

आमच्या मालवणीत 'आलास का'. हा प्रश्न मी तिच्या तोंडून जन्मभर ऐकला होता, आणि त्यात प्रत्येक वेळी 'इलंस' वर चढून 'रे'वर हलकेच उतरायचा. आता सगळी अक्षरं एकाच उंचीवर होती. पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडावा तसा आवाज. मी वाकून नमस्कार केला, तेवढ्यात डोळे पुसून घेतले.

"हा माझा भुंगा," यंत्र माझ्यापुढे नाचवत ती म्हणाली. "बटण दाबलं की गुणगुणतो. मी नुसती जीभ हलवते. रडू नको, त्याला वाईट वाटतं." आणि ती हसली. हसण्याला आवाज नव्हता, खांदे तेवढे हलले.

त्या क्षणी मी काय केलं ते सांगतो. माझ्या डोक्यानं, मी न सांगता, भुंग्याचा सूर पेटीच्या पट्टीवर ओळखला. पांढरी पाच, किंचित उतरलेली. बहीण बोलत होती आणि मी तिची पट्टी काढत होतो.

जेवायला येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि ज्वारीची भाकरी होती. आमच्याकडे नारळ संपला तर बाई चूल पेटवायला कचरते. ताईच्या या घरात नारळ फक्त देवापुढे असतो. सगळा भार शेंगदाण्यावर आणि तिळावर. ती स्वतः पातळसर कालवून हळूहळू जेवत होती. जेवताना दोन्ही हात गुंतलेले, म्हणून भुंगा बाजूला. त्यामुळे पानावर बसल्यावर ती बोलत नाही. भाऊजी मात्र तिच्या नुसत्या नजरेवरून मला वाढत होते.

"आमटी घ्या आजून, ती म्हनतीये."

दुपारी तिनं पेटी काढायला लावली. कोरड्या हवेनं पेटी मोकळी बोलत होती, आमच्या दमट हवेतल्यासारखी घसा धरलेली नव्हती. मी कशीबशी जुळवलेली चाल वाजवली. 'दारामध्ये'चा शेवट न सोडता एका दमात 'सांज'वर चढायचं, तिथे वरच्या षड्जाला हात लावायचा आणि मग घरंगळत खाली यायचं. वाजवताना मला आतून ताईचा जुना आवाज ऐकू येत होता. पेटी थांबली तसा तोही थांबला.

"चांगलंय की," भाऊजी म्हणाले.

ताई डोळे मिटून बसली होती. मग तिनं भुंगा उचलला. "उद्या पडेगावला चल माझ्याबरोबर. तिथं सुजाता आहे. तिच्याकडून म्हणून घे."

शहागंजचं नान, पडेगावचं गाणं

सकाळी भाऊजी मला जुन्या शहरात, शहागंजला घेऊन गेले. 'नान-खलिया खाल्ल्याबगर गावाला जाऊ देत नाय,' असा त्यांचा दम होता. एका जुनाट दुकानात भिंतीला लागून भट्टी, भट्टीतून निघणारं नान फुगलेलं आणि हळदीच्या पाण्यानं पिवळं चकचकीत केलेलं. खलिया म्हणजे मटणाचा लालभडक रस्सा. दिसतो तितका तो जहाल नसतो, मसाल्याची चव मागून हळू येते. आम्ही दोघं घाम पुसत जेवलो.

हात धुतल्यावर भाऊजी गल्लीतल्या एका ओट्यावर टेकले आणि एकदम म्हणाले, "मला गान्यातलं काय कळत नाय, पाव्हणं. पर आमचं लगीन व्हायच्या आधी ती कॉलनीच्या गणपतीत गायली व्हती. मी खुर्च्या मांडत व्हतो. हातातली खुर्ची तशीच धरून उभा राहिलो."

मी त्यांच्या शेजारी टेकलो.

"सकाळी मला तिच्या रियाजानं जाग यायची. आता घड्याळ लावतो. दवाखान्यातून घरी आणली तवा कुकरची शिट्टीबी मोठी वाटायची बघा. घर इतकं गप झालं व्हतं." मग ते उठले, धोतराचा सोगा झटकावा तशी पँट झटकली आणि म्हणाले, "चला. उशीर झाला तर भुंगा चावंल."

पडेगाव दौलताबादच्या रस्त्याला. तिथल्या विहाराच्या सभागृहात दर आठवड्याला बायका जमतात आणि बुद्ध-भीम गीतं बसवतात. कुणी अंगणवाडीत, कुणी पालिकेत, कुणी शेतात जाणारी. ताई त्यांना कित्येक वर्षं शिकवते आहे. शस्त्रक्रियेनंतर तिनं निरोप पाठवला होता, की आता दुसरं कुणी बघा. तेव्हा सुजाता घरी आली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही नुसतं समोर बसा. आम्ही चुकलो की तुमच्या तोंडाकडं बघून कळतं आम्हाला." तेव्हापासून ताई समोर बसते. बोटांनी लय देते, भुवयांनी सूर दुरुस्त करते, आणि फारच झालं तर भुंगा उचलून एका शब्दात झापते. त्या एकसुरी आवाजातली झाप ऐकून बायका पदर तोंडाला लावून हसतात, आणि पुढच्या वेळी बरोबर गातात.

सुजाता पस्तिशीची. दवाखान्यात नर्स आहे. माहेर वैजापूरकडचं. ती गायला लागली आणि मी सावरून बसलो. छातीतून येणारा, रुंद, जमिनीला धरून चालणारा आवाज. वर जाताना तो लाजत नाही, सरळ धक्का मारून दार उघडतो. मोकळ्या मैदानात, लाऊडस्पीकर बंद पडला तरी ऐकू जाईल असा.

बायका गेल्यावर ताईनं तिला थांबवून घेतलं. मी माझ्या दोन ओळी शिकवल्या. तिनं त्या लगेच उचलल्या.

"इथे थोडं अलगद," मी म्हणालो. तिनं अलगद म्हटलं.

"नाही, असं नाही. 'सांज'वर आवाज बारीक करायचा. विरघळल्यासारखा."

तिनं प्रयत्न केला.

"परत."

किती वेळा 'परत' म्हणालो ते मला आठवत नाही. शेवटी सुजातानं पाण्याची बाटली उघडली, घोट घेतला आणि शांतपणे म्हणाली, "सर, माझं चुकत असेल तर मी दिवसभर म्हणते. पण तुम्हाला माझा आवाजच नकोय. कुणाचा पाहिजे ते मला कळतंय. तो माझ्याकडं नाय."

मी पेटीच्या पट्ट्यांकडे बघत राहिलो. तेवढ्यात भुंगा गुणगुणला.

"बाबल, मी मेलेली नाही."

ताई रागावली होती. तिचा चेहरा लाल झाला होता आणि आवाज मात्र तोच, सपाट, भाजी काय करू विचारावं तसा. माणसाच्या रागातून सूर वजा केला की तो असा उरतो, ते मी पहिल्यांदा ऐकलं.

"मी इथं तुझ्यापुढं बसलेय. आणि तू जी समोर येईल तिच्या गळ्यात मला हुडकतोयस. हे माझं श्राद्ध आहे, चाल नाही. तुला माझी आठवण येते ना? मलाही येते. माझ्या आवाजाची मला तुझ्यापेक्षा जास्त आठवण येते. म्हणून मी या पोरीला गप्प बसवू का?"

एवढं बोलून ती दमली. यंत्राला शब्द देताना प्रत्येक अक्षर ओठांनी कोरावं लागतं. सुजातानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी बाहेर येऊन पायऱ्यांवर उभा राहिलो. समोरच्या रस्त्यावरून ऊस भरलेले ट्रॅक्टर जात होते.

परत येताना आम्ही रिक्षात भाऊबहीण शेजारी बसून एकमेकांशी बोलत नव्हतो. ताईनं रिक्षावाल्याला भुंग्यानं पत्ता सांगितला तसा तो तरुण मागे वळून बघतच राहिला.

"खाला, आप मशीन में से बोलते क्या?"

"हौ," ताईनं खास इथल्या दख्खनीत ठोकून दिलं.

"माशाल्ला! मेरी दादी को भी दिलाना पडता. उनका आवाज इत्ता बडा है, इसमें चालू-बंद का बटण तो है."

ताईचे खांदे हलायला लागले. मलाही हसू फुटलं. हसता हसता तिनं माझा हात हातात घेतला आणि गारखेडा येईपर्यंत सोडला नाही.

वेरूळ

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ताईनं परस्पर ठरवून टाकलं होतं, की वेरूळला जायचं आणि सुजातालाही न्यायचं. भाऊजींच्या जुन्या गाडीत मी पुढे, त्या दोघी मागे. पडेगाव मागे पडल्यावर मी मान वळवून सुजाताला म्हणालो, "काल मी तुमच्यावर अन्याय केला. माफ करा."

"त्यात काय सर. ड्युटीवर पेशंट याच्यापेक्षा बरंच काय काय ऐकवतात," ती म्हणाली, आणि विषय संपवून भाऊजींना विचारलं, "काका, हुरडा खायला थांबायचं ना?"

दौलताबादच्या पुढे भाऊजींच्या चुलतभावाचं शेत आहे. तिथे गोवऱ्यांच्या आगटीत ज्वारीची कोवळी कणसं भाजून, हातावर चोळून हुरडा दिला. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि घट्ट दही. कोकणात आम्ही ज्वारी बघतो ती पिठाच्या डब्यात. हिरवी, गोड, दुधाळ ज्वारी असते हे मला या वयात कळलं. मी खातच राहिलो. चुलतभाऊ म्हणाला, "खा खा, पर वरून पानी पिऊ नका लगीच. नायतर लेणी बाजूलाच राहतील."

लेण्यांच्या दाराशी माकडानं माझ्या हातातला पेरू नेला. हिसकावला असंही म्हणता येणार नाही. त्यानं शांतपणे माझी बोटं एकेक करून उघडली आणि पेरू काढून घेतला. भाऊजींना याचं इतकं कौतुक वाटलं, की त्यांनी त्याच्यासाठी आणखी एक पेरू घेतला.

कैलासापुढे गर्दी फार होती. ताईला गर्दीत दम लागतो, म्हणून आम्ही सरळ बौद्ध लेण्यांच्या बाजूला गेलो. तिथे विश्वकर्मा लेणं आहे. जुनी माणसं त्याला सुताराचं झोपडं म्हणतात, कारण दगडी छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत. उंच कमानी छत, दोन्ही बाजूंना खांब आणि समोर पाय खाली सोडून बसलेले बुद्ध. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत गेलं की थोडा वेळ काही दिसत नाही. मग अंधारातून आधी गुडघे दिसतात, मग हात, मग चेहरा.

सुजातानं चपला बाहेर काढल्या होत्या. तिनं गुडघे टेकून नमस्कार केला आणि हात जोडूनच त्रिशरण म्हटलं. मी लेणं बघायला आलो होतो, ती भेटायला आली होती. तिच्या आवाजाला छतानं वरच्या वर झेललं. एक शब्द संपायच्या आत त्याच्या आधीचा शब्द परत येत होता, आणि दोन्ही मिळून तिसराच काही नाद होत होता. खांबांपाशी फोटो काढणारी दोन-तीन माणसं आपोआप थांबली.

ती उठली तेव्हा ताईनं मला बाही धरून जवळ ओढलं. भुंगा जबड्याखाली लावला, तोंड अर्धवट उघडलं, ओठ जीभ काही न हलवता बटण दाबून धरलं.

शब्द नव्हता. नुसता सूर. पांढरी पाच, किंचित उतरलेली.

घरात पत्र्याच्या डब्यासारखा वाटणारा तो आवाज त्या दगडी पोकळीत गेला आणि गोल झाला. त्याची खरखर छतानं पिऊन टाकली. एक सलग, न हलणारा षड्ज आमच्याभोवती उभा राहिला. ताईनं दुसऱ्या हातानं सुजाताकडे खूण केली, गा.

सुजातानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"थांब जराशी दारामध्ये..." तिनं मी शिकवल्यासारखं सुरू केलं आणि वर चढण्यासाठी आवाज बारीक करायला लागली. माझं मन सवयीनं पुढे धावलं, वरच्या षड्जावर जाऊन ताईच्या जुन्या आवाजाची वाट बघत उभं राहिलं. तिथे कुणी येणार नव्हतं. ताई माझ्या शेजारी उभी होती आणि तिचा आवाज खाली होता, पायाखालच्या दगडासारखा. मी सुजाताचा आवाज ऐकला. बहुधा पहिल्यांदाच ऐकला. त्याची खरी श्रीमंती खालच्या सुरांत होती, आणि मी कालपासून तिला तिथून हाकलत होतो.

मी हात खाली आणला.

तिला कळलं. 'सांज' शब्द तिनं वर न नेता खाली आणला, मंद्रात, आणि मग आवाज मुळीच न चोरता, रुंद छातीनं 'अजूनी उतरत आहे' म्हटलं. परत तीच ओळ घेतली, आणखी एक पायरी खाली. माझा हात हवेत चालला होता, ती त्यामागून येत होती, आणि ताईचा षड्ज दोघांना धरून होता. मी चाल करत होतो. कितीतरी दिवसांनी करत होतो. ती ताईच्या आवाजातली नव्हती. आणि तरी ती खरी होती.

मध्येच षड्ज बारीक झाला, थरथरला आणि विझला. भुंग्याची बॅटरी संपली होती. सुजाता थांबली नाही. तिनं आधाराविना ओळ पुरी केली. लेण्यानं ती थोडा वेळ सांभाळली, मग सोडून दिली.

पहारेकरी आत आला. "झालं का ताई? इथं कार्यक्रम करू देत नाय," तो म्हणाला, पण हळूच म्हणाला.

बाहेर उन्हात आल्यावर ताईनं मेलेला भुंगा माझ्यापुढे धरून ओठांनी काहीतरी म्हटलं. मला कळलं नाही. भाऊजींनी ओठ वाचले.

"चालीनं आधी माणसं खाल्ली, म्हनतीये. आता भुंगा बी खाल्ला."

घरी येईपर्यंत ती मागे काचेला डोकं टेकून, तृप्त चेहऱ्यानं बसून होती.

पुन्हा गारखेडा

सकाळी वेगळाच घोटाळा कळला. भुंगा चार्जिंगला लावला होता, पण भिंतीवरचं बटण दाबायला भाऊजी विसरले होते. ताईनं कपाळावर हात मारला. भाऊजी ओशाळून, "मी दूध आणतो," म्हणून निघून गेले. दूध घरात होतं.

आम्ही दोघं मागच्या गॅलरीत उन्हाला बसलो. संध्याकाळी मला निघायचं होतं. सुजाता दुपारी ड्युटी संपवून सिडकोतल्या एका छोट्या स्टुडिओत येणार होती आणि गाणं तिच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करायचं, असं दिग्दर्शिकेशी बोलून ठरलं होतं. अंतऱ्याच्या ओळीही रात्रीतून बसल्या होत्या. ताईनं हातानं खूण केली, पुरं ऐकव.

पेटी आत बांधून ठेवलेली. मी म्हणालो, "दुपारी ऐकशीलच ना, सुजाताचं."

तिनं मान हलवली. बोट माझ्या छातीला लावलं. तू.

मी कुणापुढे गात नाही. माझा आवाज भजनात मागे टाळ धरणाऱ्या माणसाचा आहे. आजवर जे गायचं ते तिनं गायचं, हाच आमचा करार होता. पण ती समोर वाट बघत बसली होती आणि हट्ट करायलाही तिच्याकडे त्या सकाळी आवाज नव्हता. मी घसा साफ केला आणि खालच्या पट्टीत सुरू केलं.

पहिल्या ओळीत बेसूर झालो. दुसऱ्यात थोडा सावरलो. मुखडा परत घेतला तेव्हा मला दिसलं, की तिचे ओठ हलताहेत. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली, उजव्या हाताचं बोट मांडीवर. पूर्वी बसायची तशीच ती बसली होती. ती गात होती. पूर्ण गात होती, शब्द न शब्द. फक्त त्यातलं काही बाहेर येत नव्हतं.

मी गाणं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर तिनं डोळे उघडले असते.

मग माझं लक्ष तिच्या गळ्याकडे गेलं. श्वास तिथून जातो, म्हणून रुमालाचं ते पातळ कापड श्वासाबरोबर आत ओढलं जात होतं आणि बाहेर फुलत होतं. 'थांब जराशी दारामध्ये, सांज अजूनी' इथपर्यंत कापड हळूहळू फुलत राहिलं. आणि 'उतरत'च्या आधी ते चटकन आत गेलं. तिनं तिथे श्वास घेतला. वाक्याच्या मध्ये, जिथे कुठलाही शिकलेला गायक घेणार नाही तिथे. दुसऱ्यांदा मी मुद्दाम तीच ओळ घेतली. परत तिथेच. 'सांज अजूनी', मग श्वास, मग 'उतरत आहे'.

माझ्या चालीत ती ओळ एका दमाची होती. ताईचा दम लांब होता ना, मी आयुष्यभर लांब दमाच्याच चाली केल्या. पण त्या दारातल्या आईला मुलीला अडवताना इतका दम कुठून असणार? 'अजूनी' म्हटल्यावर तिचंही काळीज अडणारच.

तिसऱ्यांदा ओळ आली तेव्हा मीही तिथे श्वास घेतला. ताईनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि दाद द्यावी तशी मान हलवली.

दुपारी स्टुडिओत सुजाता दवाखान्याचा पांढरा कोट घडी करून पिशवीत टाकत घाईनं आली. मी तिला 'उतरत'च्या आधी श्वास घ्यायला सांगितलं.

"मध्येच?" तिनं विचारलं.

"ताई तिथे घेते."

तिनं काचेपलीकडे बसलेल्या ताईकडे पाहिलं. आता भुंगा चार्ज होऊन ताईच्या मांडीवर होता, पण तिनं नुसती मान हलवली. सुजातानं हेडफोन नीट केले आणि गायली. एकदाच. दुसऱ्यांदा घ्यायची गरज पडली नाही. भाऊजी दाराशी उभे होते. खुर्ची होती, बसले नाहीत.

गाणं संपल्यावर ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसानं ते परत लावलं. कसबी माणूस होता. समोरच्या पडद्यावर आवाजाची रेघ सरकत होती, तिच्यावर एके ठिकाणी त्यानं बोट ठेवलं.

"सर, 'अजूनी'च्या नंतर श्वास ऐकू येतोय. मध्येच आलाय. काढून टाकू का?"

"नको," मी म्हणालो. "तो राहू द्या."